एका फवाऱ्याचं माप

लाईट जाते तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

दिवाळीचा तिसरा दिवस. संध्याकाळभर सोसायटीच्या आवारात माळा फुटल्या, धूर हळूहळू खाली बसला आणि तुमची छाती भरून आली. पलंगाशेजारच्या स्टुलावर नेब्युलायझर घरघरत होता. खरं तर घरघर दोघांचीही चालू होती, त्याची आणि तुमची. मास्कच्या भोकांतून पांढरं धुकं बाहेर येत होतं. कपातलं औषध जेमतेम निम्मं संपलं असेल, तेवढ्यात पंखा थांबतो, मोटर थांबते, धुकं विरून जातं. मागे उरते ती फक्त तुमच्या छातीतली शिट्टी.

ड्रॉवरमध्ये पंप आहे. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी लिहून दिलेला. सोबत प्लास्टिकचा तो फुगीर स्पेसरही आहे, खोक्यातून न काढलेला. पण मावशींनी बजावलं होतं, "पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही हो." शिवाय नेब्युलायझरचं कसं, मोटरचा आवाज येतो, वाफ डोळ्यांना दिसते, काहीतरी चाललंय असं वाटतं. पंप म्हणजे काय, अत्तराच्या बाटलीसारखं एक फुस्स! त्याने काय होणार?

हात ड्रॉवरपर्यंत जातो आणि थबकतो. तुम्ही डोळे मिटून घेता. हवा आत येतेय, पण बाहेर पडत नाही. दमा नसलेल्या माणसाला हे सांगून कळत नाही. त्याला वाटतं, श्वास घेता येत नसेल. घेता येतो हो, सोडता येत नाही.

डोळे उघडता तेव्हा समोर विस्तव आहे.

विस्तवात सात दगड तापत ठेवलेत. हा नाईलकाठ, इसवी सनापूर्वी १५५० च्या आसपासचा. भाषा कळत नाही, पण वैद्य मात्र बघताच ओळखू येतो. मध्यरात्री उठवलेल्या वैद्याच्या कपाळावरची आठी सगळीकडे सारखीच असते. तो चिमट्याने एक दगड बाहेर काढतो, त्यावर कुटलेलं औषध टाकतो आणि वर एक मडकं पालथं घालतो. मडकं नवंकोरं हवं, आणि त्याच्या बुडाला भोक हवं. भोकात बोरूची पोकळ काडी खोचून तो तुमच्याकडे बोट दाखवतो, मग स्वतःच्या तोंडाकडे. ओढा.

तुम्ही ओढता. कडू, उग्र धूर घशाला जाळत उतरतो आणि खोकल्याची उबळ येते. वैद्य ढिम्म. दुसरा दगड. तिसरा. चौथ्यापाशी जीभ कोरडी पडते, डोळ्यांपुढे धुरकट होतं आणि छातीवरचा आवळलेला पट्टा एखाद्या छिद्राने सैल झाल्यासारखा वाटतो. औषध नक्की कोणतं याबद्दल पंडितांत एकमत नाही. बऱ्याच जणांचा कौल खुरासानी ओव्याच्या बाजूने आहे. त्यातली द्रव्यं श्वासनळीच्या आवळलेल्या स्नायूंना ढिलं करतात आणि जाता जाता तोंडाची लाळही सुकवतात, हे मात्र पक्कं.

हा वैद्य जे करतोय ते एका पपायरसवर लिहिलेलं आहे. जवळजवळ वीस मीटर लांबीची ती गुंडाळी पुढे सुमारे चौतीसशे वर्षांनी गेऑर्ग एबर्स नावाचा जर्मन विद्वान विकत घेईल आणि ती लाइपझिगला जाईल. दगड सात, हे त्यात स्पष्ट आहे. पण दगड किती तापवायचा? काडीतून छातीत किती उतरलं? पाचवा दगड काढताना तुम्ही वैद्याच्या डोळ्यांत बघता. त्यालाही ठाऊक नाही. तुम्ही बेशुद्ध पडलात तर जास्त झालं, धापत राहिलात तर कमी झालं, एवढंच त्याला कळणार.

सहावा दगड नको म्हणून तुम्ही मान हलवता, आणि ती हलवता हलवता शतकं सरकतात.

चरकांच्या काळावरून जाताना थोडं थांबायला हवं, कारण इथे धूर हा नीट शास्त्र होऊन बसला आहे. औषधं वाटून केलेली वात, अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळं लांब. ती ओढायची नळी कामाप्रमाणे २४, ३२ किंवा ३६ अंगुळांची. नळी लांब का? तर धुराचा जोर कमी व्हावा, तो निवून यावा म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, ड्रॉवरमधल्या स्पेसरपाशी तिची गाठ पडणार आहे. आमच्याकडे सगळं आधीच होतं असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. नळीचं माप इथे अंगुळांत काटेकोर आहे; धुरातल्या औषधाचं माप इथेही नाही.

१७७८. इंग्लंडातलं प्लिमथ. डॉक्टर जॉन मज तुमच्या हातात बिअर पिण्याचा मग देतात. जस्ती रंगाच्या, कथलाच्या मिश्रधातूचा, झाकण आणि वर तोंडात धरायची नळी असलेला. आत गरम पाणी. मुठीत धरायची दांडी पोकळ आहे, तिला भोकं पाडलेली. तुम्ही नळीतून ओढलंत की बाहेरची हवा दांडीतून पाण्याखाली जाते आणि बुडबुडत वर येते. या वस्तूला मज 'इनहेलर' म्हणतात; तो शब्द त्यांनीच रुळवला. वाफ छान आहे, ऊब छान आहे आणि श्वास होता तिथेच आहे. आपल्याकडे पातेल्यावर डोकं धरून, वर चादर ओढून जो वाफारा घेतात, त्याचीच ही सभ्य आवृत्ती. नाक मोकळं होतं, आवळलेली श्वासनळी नाही. मज यांचे भाऊ टॉमस हे घड्याळजी. खिशातली घड्याळं पुढे ज्यावर चालली, ती लिव्हरची युक्ती त्यांची. एकाच घरात एक भाऊ क्षण मोजत होता आणि दुसऱ्याला श्वास मोजायचा होता. घड्याळजी जिंकला.

आता मद्रास, १८०२ च्या सुमाराचं. दुपार, चिकट उकाडा. कंपनी सरकारचे फिजिशियन जनरल जेम्स अँडरसन दमेकऱ्यांना चिलमीत धोतरा ओढायला सांगतात. हे त्यांचं संशोधन नव्हे, इथल्या लोकांकडून उचललेलं. तुमच्याही हाती चिलीम येते. धोतरा म्हटल्यावर तुम्ही दचकता; घाटावरच्या कुठल्याही गावात धोतऱ्याचं बी खाऊन वेडा झालेल्याची गोष्ट सांगतातच. दोन झुरके, आणि तीच नाईलकाठची कोरडी जीभ, तोच सैल झालेला पट्टा. धोतरा आणि खुरासानी ओवा एकाच कुळातले. आणि आणखी एक: तुमच्या स्टुलावरच्या कपात अर्धवट राहिलेल्या औषधात जर इप्राट्रोपियम असेल, तर तेही याच घराण्यातलं, धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपीनवरून प्रयोगशाळेत बेतलेलं. साडेतीन हजार वर्षं औषध बऱ्यापैकी तेच आहे. वणवण चाललीय ती ते पोचवायचं कसं आणि मोजायचं कसं, याची.

जनरल जेंट नावाचे गृहस्थ ही चिलमीची युक्ती विलायतेला घेऊन जातात. मग तिकडे धोतऱ्याच्या सिगारेटी निघतात आणि शंभर वर्षं खपतात. दम्यावर सिगारेट! हसू येतं खरं, पण रात्री अडीचला तुम्हीही ओढली असती.

१८५८ चं फ्रान्स तुलनेने आल्हाददायक. पिएरफोंच्या झऱ्यांपाशी लोक गंधकाचं पाणी हुंगायला येतात आणि बरं वाटलं की घरी जाऊन पुन्हा धापतात. सालेस-झिरों या डॉक्टरांनी त्यावर हातात मावेल असं यंत्र काढलंय. सायकलला हवा भरायच्या पंपासारखा दट्ट्या. तो ओढून दाबला की औषधी पाणी बारीक धारेने पट्टीवर आपटतं आणि त्याचं धुकं होतं. धूर नाही, जळणं नाही, उष्णता नाही. द्रव औषधाचेच बारीक थेंब. तुमच्या स्टुलावरच्या मोटरीचे हे पणजोबा. फक्त मोटर म्हणजे तुम्हीच. धाप लागलेल्या माणसाने दट्ट्या मारून स्वतःचं औषध तयार करायचं, म्हणजे तहानेल्याने आधी विहीर खणायची.

पॅरिसमध्येच आणखी अर्धं शतक पुढे चला. बुलव्हार ओसमान, क्रमांक १०२. बेडरूमच्या भिंतींना बुचाचं आच्छादन, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. आत मार्सेल प्रूस्त पलंगावर उशांना टेकून लिहितायत. दमा त्यांना नऊ-दहा वर्षांचे असल्यापासूनचा. बशीत लग्रास नावाची भुकटी धुमसतेय. तिच्यात पुन्हा आपला धोतरा. काड्यापेटीच्या गंधकाचा वास सोसत नाही म्हणून घरकाम बघणाऱ्या सेलेस्त आल्बारे मेणबत्ती बाहेर पेटवून आणतात आणि कागदाच्या तुकड्याने भुकटीला विस्तव लावतात. खोली इतकी धुराने भरते की दारात उभ्या असलेल्या तुम्हाला पलंग दिसेनासा होतो. माप? खोलीभर. या धुरात बसून त्या माणसाने जगातल्या सर्वांत लांबलचक कादंबऱ्यांपैकी एक लिहिली, याचं तुम्हाला एरवी कौतुक वाटलं असतं. आत्ता तुम्हाला फक्त खिडकी उघडायची आहे.

एक लांब उडी. मधल्या काळात अ‍ॅड्रेनलिन सापडलंय, काचेच्या फवारणीबाटल्या आल्यात, त्यांना मागे रबराचा फुगा. फुगा दाबायचा, तोंडात ओढायचं. काच फुटते, औषध हवा लागून खराब होतं, आणि दाबण्याचा जोर ज्याचा त्याचा. अशीच एक बाटली १९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात आहे. सुझी तिचं नाव. तिचे वडील जॉर्ज मेसन हे रायकर लॅबोरेटरीजचे अध्यक्ष. त्या वर्षी अमेरिकेत केसांचा स्प्रे घरोघरी पोचलाय, आणि सुझी वडिलांना साधाच प्रश्न विचारते: माझं औषधही तसल्या डब्यात का येत नाही?

मेसन प्रयोगशाळेत जाऊन तो प्रश्न अर्विंग पोरुश या रसायनतज्ज्ञाच्या टेबलावर ठेवतात. तुम्ही पोरुशच्या मागे उभे राहून बघता. प्रयोगशाळेत आइस्क्रीमचा जुना फ्रीझर आणलाय. का, तर फ्रिऑन हा वायू द्रव राहायला थंडी लागते. नेहमीच्या दाबाला तो उणे तीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो. बाटल्या अत्तराच्या. आणि त्या बाटल्यांच्या तोंडाशी बसवलेली झडप, तीही अत्तराचीच, फिलिप मेशबर्ग नावाच्या माणसाने सुगंधाचे फवारे वाया जाऊ नयेत म्हणून बनवलेली. दाबलं की ती मोजून ५० मायक्रोलिटर सोडते. एका थेंबाएवढं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेवढंच. रागाने दाबा, घाबरून दाबा, थरथरत्या हाताने दाबा, तेवढंच.

इथे जरा बसा. नाईलकाठच्या वैद्याला जे सांगता आलं नाही, चरकांच्या नळीला जे जमलं नाही, प्रूस्तच्या खोलीत ज्याचा मागमूस नव्हता, ते अत्तरवाल्याच्या कंजुषीतून आलंय. माझ्या मते इनहेलरचा शोध म्हणजे औषध नव्हे, वायूही नव्हे, ही झडप. तुम्ही ज्याला अत्तराची बाटली म्हणून हिणवत होता ना, ती खरोखरच अत्तराची बाटली आहे, आणि तोच तिचा मोठेपणा.

मार्च १९५६ मध्ये ही वस्तू बाजारात आणायला मंजुरी मिळते. सुझीच्या प्रश्नाला पुरतं एक वर्षही झालेलं नसतं.

पण लगेच परत फिरू नका. १९६० च्या दशकातलं इंग्लंड बघितल्याशिवाय मावशींना उत्तर देता येणार नाही. तरुण दमेकरी मरू लागलेत, शाळकरी मुलंसुद्धा. प्रमाण काही वर्षांत कित्येक पटींनी वाढलंय. हातात पंप घेऊन गेलेली माणसं. डॉक्टर आकडे मांडून बसतात आणि बरीचशी बोटं आयसोप्रेनलिनच्या 'फोर्ट' पंपाकडे वळतात. त्याच्या एका फवाऱ्यात साध्या पंपाच्या पाचपट औषध होतं. इतक्या कष्टाने हाती आलेलं माप कुणीतरी पाचाने गुणलं होतं. आणि त्याहून मोठी चूक अशी, की फवाऱ्याने तासभर बरं वाटलं की लोक घरीच थांबत, आत श्वासनळीची सूज वाढत जाई, आणि हॉस्पिटल गाठायची वेळ टळून जाई. मावशींना हा इतिहास ठाऊक असायचं कारण नाही. पण त्यांच्या भीतीचा एक पूर्वज इथे आहे, तो नाकारू नये.

त्यानंतरची उत्तरंही इथेच मिळतात. वेअर गावात डेव्हिड जॅक यांच्या गटाने हृदयाला कमी धडधडवणारं साल्ब्युटामॉल काढलं. १९६९ मध्ये ते विक्रीला आलं. १९७२ मध्ये आलं ओढून घ्यायचं स्टेरॉइड, नुसती नळी मोकळी करण्याऐवजी सूजच उतरवणारं.

आणि चेशरमधल्या एका प्रयोगशाळेत तुमची गाठ रॉजर अल्टूनियनशी पडते, जो मला या सगळ्या मंडळींत सर्वांत आवडतो. जन्म अलेप्पोचा, वडील आर्मेनियन डॉक्टर. लहानपणी तो आर्थर रॅन्समच्या 'स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' या मुलांच्या कादंबरीतला रॉजर झाला, युद्धात विमानदलात वैमानिकांचा शिक्षक, मग डॉक्टर. त्याला स्वतःला दमा आहे, आणि गिनीपिगच्या केसांनी तो उसळतो. म्हणून हा गडी केसांचा अर्क काढतो, स्वतः हुंगतो, मुद्दाम दमा उठवतो आणि मग नवं औषध घेऊन बघतो. एखाद्या प्रयोगशाळेत गिनीपिगने माणसावर प्रयोग केल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे. वर्षानुवर्षं हे चाललं आणि १९६५ मध्ये क्रोमोग्लायकेट सापडलं. त्याचं मूळ द्रव्य कुठलं? खेल्ला नावाच्या, साध्या (खुरासानी नव्हे) ओव्याच्या कुळातल्या एका इजिप्ती वनस्पतीचं. औषध भुकटीच्या रूपात. ती छातीपर्यंत उडावी म्हणून त्याने पंपात चिमुकला पंखा बसवला, विमानाच्या पंख्यासारखा. तुम्ही ओढता आणि तो तुमच्याच श्वासाने फिरतो. आज आपल्याकडे कॅप्सूल टाकून ओढायची जी रोटाहेलरसारखी उपकरणं मिळतात, त्यांत पंखा नसला तरी तत्त्व तेच. वायूचा जोर नाही, जोर तुमच्या श्वासाचा.

इजिप्तचं नाव ऐकता ऐकता डोळे उघडतात. लाईट अजून आलेली नाही.

हात अजून ड्रॉवरवर आहे. आतल्या पंपात आता फ्रिऑन नाही. ओझोनसाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला आणि पुढे पंपातला वायू बदलला. झडप मात्र त्याच जातीची. मोबाइलच्या उजेडात तुम्ही हिशेब मांडता. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग. नेब्युलायझरची साल्ब्युटामॉलची नेहमीची कुपी अडीच मिलिग्रॅमची, म्हणजे पंचवीस फवाऱ्यांइतकी. मग मोटरच भारी की! पण कुपीतलं पुष्कळसं कपात चिकटून राहतं आणि मास्कच्या भोकांतून खोलीत जातं. तुम्हाला धीर देणारं ते पांढरं धुकं म्हणजे मुख्यतः वाया चाललेलं औषध. दम्याच्या बहुतेक झटक्यांत पंप आणि स्पेसर यांचा गुण नेब्युलायझरइतकाच येतो, हे मोठ्यांवर आणि मुलांवर झालेल्या अनेक चाचण्यांतून दिसलेलं आहे. त्याला लाईटही लागत नाही.

मग खोकं फोडा. पंप हलवून घ्या. स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. स्पेसर कशाला, तर फवारा झडपेतून मोटारीच्या वेगाने सुटतो आणि नुसताच तोंडात मारला तर बराचसा घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो. चांगल्या पद्धतीने घेतला तरी दहा-वीस टक्केच छातीत उतरतात. छातीत खोल जायला थेंब एक ते पाच मायक्रॉनचा हवा, आणि सावकाश जायला हवा. स्पेसरमध्ये मोठे थेंब भिंतींना लागून राहतात, बारीक तरंगत थांबतात, जोर मोडतो. चरकांची लांब नळी आठवते ना? श्वास सोडा, जमेल तेवढा. स्पेसरच्या तोंडाला ओठ घट्ट लावा. एकदाच दाबा. सावकाश ओढा, आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरा. तेवढं जमत नसेल तर स्पेसरमध्येच चार-पाच वेळा नेहमीसारखा श्वास घ्या. पुढचा फवारा अर्ध्या मिनिटाने. एकूण किती घ्यायचे, ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. तेवढे घेऊनही वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर इतिहास बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल.

चौथ्या फवाऱ्यानंतर पट्टा सुटतो. या वेळी कोरड्या जिभेविना.

मावशींना सकाळी एवढंच सांगा: सवय पंपाची लागत नाही. पण फक्त झटका आला की मारायच्या पंपावर भागवणं धोक्याचंच आहे. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शनातही २०१९ पासून हेच सांगितलंय, की मोठ्यांनी नुसत्या तशा पंपावर राहू नये, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच. ते औषध रोजचं असेल तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका, आणि घेतल्यावर चूळ भरा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना पंप आणि स्पेसर सोबत न्या आणि त्यांच्यासमोर एक फवारा घेऊन दाखवा. पंपाच्या पाठीवर आकडा असेल तर तो बघत जा. नसेल तर उघडल्याची तारीख पेनाने वर लिहा आणि फवारे मोजा. डबा पाण्यात तरंगवून किती उरलंय ते कळत नाही.